इरावतीबाई आणि मुंबई

मानवशास्त्रज्ञ आणि लेखिका इरावती कर्वे यांच्यावरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, इरावतीबाई म्हणजे पुणंच, मुंबईशी त्यांचा काय संबंध? अहो, आहे ना! समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ साली त्यांनी एम.ए. केलं ते मुंबई विद्यापीठातूनच. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरखालून जाताना मला हे हमखास आठवतं. आणि बर्लिनचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? तिथे त्यांनी पीएच.डी. केली आणि मार्गदर्शक होते वंशश्रेष्ठत्व मानणारे ऑयगेन फिशर. बाईंनी एकेक कवटी हातात घेऊन डाव्या-उजव्या बाजू मोजल्या आणि लिहून दिलं की कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, पंचविशीच्या आत, थेट गुरूच्या मताविरुद्ध! महाभारतावरचं त्यांचं लेखन सगळे वाचतात. मला मात्र ह्या मोजमापांचंच जास्त अप्रूप वाटतं.