प्रौढांचे वर्ग आणि ॲप

'मोबाईलवर चांगलं ॲप दिलं की प्रौढ माणूस आपोआप वाचायला शिकतो' असं काहीजण म्हणतात, ते मला निम्मंच पटतं. यंत्रापेक्षा शिकवायची पद्धत आधी बदलावी लागते.

टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीने २००० साली तिचे माजी प्रमुख फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने संगणकावरचे साक्षरता वर्ग सुरू केले. सुरुवात तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) मेडक जिल्ह्यात, तेलुगूतून. तिथे बाराखडीपासून सुरुवातच नव्हती. पन्नाशीच्या बाईला 'पाणी' हा शब्द बोलता येतो, अर्थही माहीत असतो, फक्त तो कागदावर कसा दिसतो ते माहीत नसतं. मग अख्खा शब्द चित्रासकट आणि आवाजासकट पडद्यावर दाखवायचा, अक्षरं त्यातून हळूहळू ओळखू येतात. साधारण ४० तासांत सोपं वर्तमानपत्र वाचता यावं, एवढंच उद्दिष्ट. संगणकही जुने, कंपन्यांनी टाकून दिलेले चालायचे (हे मला फार आवडलं). पण वर्ग घ्यायला माणूस लागायचाच. तो शिक्षकच असायला हवा असं नाही. पडदा थांबवून 'मावशी, आता तुम्ही वाचा' म्हणणारं कुणीतरी हवं.

यातली उणीव लिखाणाची. भर वाचनावर होता, आणि बँकेचा फॉर्म भरायला नुसतं वाचन पुरत नाही. तिथे वही-पेन्सिलच लागते.