मदत हवी आहे: आईला दिल्लीत मुलाचं नाव दाखवायचं आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, शंभरेक उंबऱ्यांचं. गेल्या वर्षी आमच्या भावकीतला चोवीस वर्षांचा पोरगा काश्मीरमध्ये चकमकीत शहीद झाला. त्या दिवशी गावात एकाही घरात चूल पेटली नाही. तेरा दिवस त्याच्या घरी भाकरी शेजारपाजारून जात होती. यंदाच्या जत्रेत पालखीसुद्धा वाजंत्रीशिवाय निघाली, कुणी सांगायला लागलं नाही.

युनिटकडून त्याची काळी ट्रंक आली. वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या काकूंनी, ती अजून उघडलेली नाही, रोज पदरानं पुसतात फक्त.

आमच्या जिल्ह्याला हे दुःख नवं नाही. अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले, तिथला स्मृतिस्तंभ लहानपणापासून बघतोय. पण घरातलं पोर गेलं की ते सगळं वेगळंच दिसतं.

२०१९ साली दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर शहिदांची नावं सोनेरी अक्षरांत कोरलेली आहेत. काकूंना त्या नावावरून एकदा हात फिरवायचा आहे. दुसरं काही मागत नाहीत.

नाव कोरलं गेलंय का, कोणत्या भिंतीवर, हे आधी कसं कळेल? संध्याकाळी वारसांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात, त्यासाठी अर्ज युनिटमार्फत करायचा की जिल्हा सैनिक कार्यालयातून? काकूंचे गुडघे दुखतात, आत व्हीलचेअर मिळते का? कुणी स्वतः जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.