भात सोडा, रात्रीचं जेवण सोडा आणि मग पाटावरून उठून दाखवा

टिळकवाडीकर
काल आमच्या फिरायच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी टाकलं: 'वय ६६. तीन महिन्यांत १२ किलो उतरवलं. भात बंद, रात्रीचं जेवण बंद, रोज दहा हजार पावलं. मनात आणलं तर कुणालाही जमतंय.' खाली अंगठ्यांची रांग. तिथं बोललो नाही, रोज सकाळी तोंड बघायचं असतंय. म्हणून इथं.

आमच्या दादांनी हेच केलं. शुगर उतरवायची गोळी चालू, रात्री उपाशी, पहाटे बेळगावच्या किल्ला तलावाला फेऱ्या. दुसऱ्याच आठवड्यात शुगर एकदम उतरली, घामाघूम होऊन बाकावर बसले, जीभ जड. एका बाईंनी पर्समधली लिमलेटची गोळी तोंडात घातली म्हणून निभावलं. वजन उतरलं की, ८ किलो! पण पोट तिथंच, मांड्या तेवढ्या वाळल्या. पूर्वी पाटावरून सरळ उठायचे, आता एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. या वयात स्नायू तसेही झिजत असतात, उपाशी राहिलं की चरबीबरोबर तेही जातात. चरबी परत येते, स्नायू इतक्या सहज येत नाहीत. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी रग्गड झालं. आणि ते दहा हजार पावलांचं खूळ १९६५ च्या सुमाराला जपानात पावलं मोजायचं यंत्र खपवताना निघालंय.

अनगोळचा वाघ
ते 'सद्गृहस्थ' म्हणजे मीच. पाठीमागं बोलायची सवय जुनी दिसते.
८६ वरून ७४ वर आलो. पहिल्या मजल्यावर जाताना मध्ये थांबायचो, आता थांबत नाही. दादांनी डॉक्टरांना न विचारता गोळी घेऊन उपास केला, त्यात भाताचा काय दोष आणि माझा काय दोष? लग्नात तीनदा कुंदा मागून घेणाऱ्यांनी स्नायूंवर प्रवचन देऊ नये.

शहापूर शिवार
भाताचा दोष काय विचारूलालाय? आधी भात कुठला खाताय ते सांगा ओ. बेळगाव बासमती म्हणून दुकानात काय देतात ते आम्हाला माहीत आहे. खरा बासमती पिकायचा शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात. त्यातनंच हलगा-मच्छे बायपास काढला. उरलं त्यात जुलैत बळ्ळारी नाला फुगून घुसतो, रोप कुजतंय, परत लावा. आणि तुम्ही म्हणताय भात सोडा!

टिळकवाडीकर
शिवारदादा, धागा वजनाचा आहे.

शहापूर शिवार
दोन एकराचा अर्धा एकर झाला माझा. वजन कमी झालंच की!

खानापूर रोड
रस्ता नको तर शहरात ट्रक घ्यायचे काय? रोज संध्याकाळी अडकतो मी. नाल्याचं मान्य, त्यावर कुणीच बोलत नाही.

शहापूर शिवार
तुम्ही ट्रकात अडकताय, आम्ही कोर्टात. या एकदा चिखलात, दिवसभर वाकून रोप लावा. दहा हजार पावलं मोजायची गरज पडणार नाही.

भाग्यनगरची आजी
झालं भांडून? पुरुषांनी एक वेळ जेवण सोडलं की ग्रुपवर फोटो. आम्ही चाळीस वर्षं सगळ्यांचं झाल्यावर भात आणि तळाची आमटी खाल्ली, ते डाएट नव्हतं होय? त्यातच माझं वजन वाढलं आणि हाडं ठिसूळ झाली.

मी दीड वर्षात ६ किलो उतरवलं. भात सोडला नाही, एक मूद ठेवली. संध्याकाळी सातला जोंधळ्याची भाकरी, हुलग्याची उसळ, ताक. एक अंडं, ते सोवळ्यातल्या जाऊबाईंना सांगू नका. आमच्या वयात ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिनं लागतात, अंड्यात ६ असतात. आमच्याकडच्या आमटीत डाळ शोधावी लागते. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीच्या आवारात अर्धा तास चालणं, शेजारणीशी बोलता येईल एवढ्याच चालीनं. आणि खुर्चीवरून उठबस, हात छातीवर बांधून.

वाघोबा, तुम्ही ६६ चे ना? अर्ध्या मिनिटात बारा तरी व्हायला पाहिजेत. बघा करून.

खानापूर रोड
व्हॅक्सिन डेपोत पोचायलाच टिळकवाडीत राहावं लागतंय, आजी. आमच्याकडं फूटपाथवर पाणीपुरीचे गाडे आणि कुत्री.

टिळकवाडीकर
वाघसाहेब, पाठीमागं बोललो ते चुकलं. मेसेजबद्दल मात्र नाही. 'कुणालाही जमतंय' एवढं तरी काढा, इन्सुलिनवाले पण आहेत त्या ग्रुपवर. आणि कुंदा दोनदाच मागितला होता.

अनगोळचा वाघ
काढलं. 'डॉक्टरांना विचारून' असं घातलंय, बघा आणि गप्प बसा.
आजी, नऊ झाले. आमची खुर्ची बुटकी आहे.

भाग्यनगरची आजी
हात बांधले होते काय?

अनगोळचा वाघ
एकच.