बाहेरून घेतलेलं किट जवानाला वापरू द्यावं का?

जुनापायदळी: माझं मत स्पष्ट आहे. बूट, सॉक्स, ग्लोव्हज, सॅक ज्याला जे झेपेल ते त्याने स्वतः घ्यावं, पण प्लेट (अंगावरच्या चिलखतातली गोळी अडवणारी पाटी) आणि टर्निकेट (रक्त थांबवायचा पट्टा) युनिटने दिलेलंच. ऑनलाइन ‘टॅक्टिकल’ लिहिलं की काहीही खपतं. नकली टर्निकेट दिसायला हुबेहूब, पण आवळताना पट्टा पिळायची दांडी वाकते नाहीतर मोडते, आणि मांडीची मोठी धमनी तुटली की माणूस काही मिनिटांत जातो हो, तिथे बदलून कुठून आणणार? अमेरिकन आर्मीने २००६ मध्ये खाजगी बॉडी आर्मरवर (चिलखतावर) बंदी घातली ती याच काळजीपोटी.

रात्रीचीगस्त: अर्धीच गोष्ट सांगताय. इराक युद्धाच्या सुरुवातीला पुरेशा प्लेटा पोचल्याच नव्हत्या, घरचे पैसे जमवून पाठवत होते, आणि शेवटी २००४ ला त्यांच्या संसदेला कायदा करावा लागला की अशा वस्तूचे ११०० डॉलरपर्यंत पैसे परत मिळतील. म्हणजे सरकारनेच मान्य केलं ना की पोरांनी घेतलं ते बरोबर होतं? गोळी काय टेंडर निघेपर्यंत थांबते का!

जुनापायदळी: तुटवडा होता हे मान्यच आहे, त्यावर वाद नाही. पण घरच्यांना चिलखताची लेव्हल, म्हणजे ते कुठली गोळी अडवतं, हे कळतं का? थ्री-ए म्हणजे पिस्तुलाची गोळी अडते, रायफलची आरपार जाते. रायफलसाठी लेव्हल थ्री लागते, आर्मर-पिअर्सिंग (चिलखत भेदणाऱ्या) गोळीसाठी फोर. जाहिरातीत मात्र सगळ्यावर बुलेटप्रूफच लिहिलेलं.

आगगाडा: मला तर दोघांचंही पटत नाही. जुनापायदळी, कपडे हवे ते घ्या या बाजूला तुम्ही झुकताय असं वाटतं, तिथेच घोळ आहे. २००६ मध्येच अमेरिकेच्या मरीन्स दलाने इराकमध्ये तळाबाहेर जाताना पॉलिस्टरचे टी-शर्ट घालायला बंदी केली कारण स्फोटाच्या आगीत कापड वितळून कातडीला चिकटायचं आणि जखम जास्त खोल व्हायची. घाम लवकर सुकतो म्हणून पोरं ते आवडीने घालत होती. शिवाय काही रंग नाइट व्हिजनमध्ये आजूबाजूच्या झाडीपेक्षा चक्क उजळ दिसतात, दिवसा तुम्हाला पत्ताच लागत नाही.

रात्रीचीगस्त: हे आगीचं खरंच महत्त्वाचं आहे, माझ्या डोक्यात नव्हतं. पण म्हणून सगळंच बंद करायचं का? ज्याचा पाय रुंद आहे त्याला एकाच साच्याचा बूट दिला की लांब मार्चला फोड येतात, फोड फुटतात, मग तो लंगडतो आणि त्याचं ओझं बाकीच्यांच्या पाठीवर. इश्यूचं (युनिटने दिलेलं) ते सुरक्षित असं डोळे झाकून मी तरी म्हणणार नाही.

जुनापायदळी: मग यादी काढा. अमेरिकन आर्मी चष्म्यांसाठी करते तसं, तपासून पास झालेल्या मॉडेलांची यादी लावलेली असते, त्यातलं आवडेल ते घाला. बूट, आतले कपडे, ग्लोव्हज सगळ्याला हेच करता येईल. आगगाडा, तुमचा मुद्दा घेतला, आतले कपडे ‘हवं ते’ मध्ये धरू नका. प्लेट आणि टर्निकेटवर मात्र मी हटणार नाही.

रात्रीचीगस्त: यादी चालेल, पण पैसे युनिटने द्यायचे. आणि यादीतला टर्निकेट स्टोअरमध्येच संपला असेल तर? तेव्हा यादीतलाच, खात्रीच्या विक्रेत्याकडून मी स्वतः घेईन, आणि सरावासाठी एक वेगळा ठेवीन कारण वारंवार आवळलेला टर्निकेट खऱ्या जखमेवर वापरायचा नसतो.