शब्दचर्चा : ‘समाधान माडकोरी’

प्रश्न (शहापूर, बेळगाव)
मागच्या महिन्यात सासूबाई गेल्या. दफनविधी उरकून घरी आलो तर समोरच्या आक्का भाकऱ्या नि झुणका घेऊन दारात उभ्या. चर्च एकच, पण आमची उपासना मराठी, त्यांची कानडी. त्यामुळे आजवरचं बोलणं ‘सलाम’ आणि ‘ऊटा आतेन्री?’ (जेवण झालं का?) एवढंच. आत येऊन त्या थेट नणंदेजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि दोन-तीनदा म्हणाल्या, “समाधान माडकोरी.” नणंद असते पुण्याला. आक्का गेल्यावर ती फणकारली, “आई गेली, आणि ही बाई मला समाधान माना म्हणते?” मला कानडी बाजारापुरतं येतं, तिला काय सांगू ते सुचेना. ह्या शब्दाचा कानडीत अर्थ काय?

चिकोडीहून
त्या म्हणाल्या, “सावर बाई स्वतःला.” एवढंच.

कानडीत ‘समाधान माडू’ म्हणजे समजूत काढणे, शांत करणे. रडणाऱ्या पोराला आई समाधान करते. भांडणाऱ्या दोघांना मधला माणूस समाधान करतो. ‘माडकोरी’ म्हणजे स्वतःचं स्वतः करा. आपण ‘धीर धरा’ म्हणतो ना, तिथला हा शब्द. मी शाळेत आहे, म्हणून शाळेतलं उदाहरण देतो. आमच्या स्पर्धांत तिसऱ्या नंबरानंतर जे बक्षीस असतं त्याला मराठीत उत्तेजनार्थ म्हणतात, कानडीत ‘समाधानकर बहुमान’. हरलेल्याचं सांत्वन! आणि मराठी प्रगतिपुस्तकावर ‘समाधानकारक’ लिहिलं की पोरगं बऱ्यापैकी आहे. शब्द तोच, एक हरलेल्याला, एक पास झालेल्याला.

मूळ संस्कृत. सम् + आ + धा, म्हणजे विस्कटलेलं नीट एकत्र ठेवणं. ‘समाधी’ त्याच धातूची. मराठी समाधान हळूहळू तृप्तीकडे, ‘पुरे झालं’कडे सरकलं. तृप्तीला कानडीत तृप्तीच आहे, त्यामुळे तिथं समाधान मनाच्या शांतीपाशी राहिलं.

तुम्ही चर्चचे आहात म्हणून आणखी एक. योहानाच्या २०व्या अध्यायात शिष्य भीतीनं दारं लावून बसलेत आणि येशू मध्ये येऊन उभा राहतो. मराठीत तो म्हणतो, “तुम्हांस शांती असो.” कानडी बायबलात त्याच जागी “निमगे समाधानवागली.” आक्कांनी हे वाक्य जन्मभर ऐकलेलं असणार. दुःखाच्या घरात पाऊल टाकताना त्यांच्या तोंडी तोच शब्द आला, ह्यात नवल नाही.

निपाणीहून
चिकोडीकरांचं बरोबर, खरं मराठीतला जुना अर्थ अगदीच मेला नाही. ‘शंकासमाधान’ म्हणतोच की. पुण्यात विसरले असतील.

खानापूरहून
असले जुळे शब्द लई. ‘अनुमान’ बघा. आपल्यात तर्क, कानडीत चक्क संशय. एकदा एका कानडी दुकानदाराला मी सरळ मनानं म्हटलं, “माझं असं अनुमान आहे की हिशोबात चूक झाली.” त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

उलट ‘प्रीती’ बघा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात मराठीतही प्रीती, कानडीतही प्रीती. पण मराठी माणूस रोजच्या बोलण्यात प्रीती कुठं म्हणतो? शास्त्रात, जुन्या गाण्यात, नाहीतर मुलीचं नाव म्हणून. कानडी आई मात्र पोराला जवळ घेताना हाच शब्द वापरते. आमच्या तालुक्यातल्या कोंकणी कॅथलिक घरांत ह्याला ‘मोग’. तो अध्यायच मुळी असा सुरू होतो की माणसांच्या नि देवदूतांच्या भाषा आल्या आणि प्रीती नसली तर माणूस नुसती झांज. सीमाभागात तो जरा जास्तच लागू पडतो, पाट्या मराठीत की कानडीत यावरून काय काय होतं ते आपण बघतोच.

चिकोडीहून
जाता जाता : लंडन मिशन ह्या इंग्रज मिशनरी संस्थेनं बेळगावात काम सुरू केलं १८२० साली, ते मेथडिस्ट ह्या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं १९०४ मध्ये. म्हणजे १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलो त्याच्या कितीतरी आधीपासून इथं शुभवर्तमान सांगणाऱ्याला मराठी आणि कानडी दोन्हींशी गाठ होती. तुमच्या चर्चमधल्या दोन उपासना कालच्या नाहीत.

शहापूरहून (प्रश्न विचारणारी)
सगळं नणंदेला फोनवर वाचून दाखवलं. बक्षिसाच्या उदाहरणाला ती हसली, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही.

डबा परत द्यायचा राहिला होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून करंज्या भरल्या. “बाळ उपकार आत्री” (फार उपकार झाले) असं म्हणायचं पाठ करून गेले होते, पण आपल्या मराठी कानाला ‘उपकार’ म्हटलं की कर्ज फेडायला आल्यासारखं वाटतं, म्हणून दारातच जीभ अडली. आक्कांनी झाकण उघडून बघितलं. “इद्याक तंद्री? ब्याड, ब्याड,” (हे कशाला आणलंत? नको, नको) म्हणत डबा आत नेला आणि आतूनच विचारलं, नणंद जेवते का नीट?

मराठीत विचारलं. मोडकंतोडकं, पण मराठीत.