गुडघे थकल्यावरचे पक्षीनिरीक्षण

गुडघे साथ देईनासे झाले की पक्षी पाहण्यासाठी सिंहगडाची दरी उतरणे आणि भिगवणच्या जलाशयात होडीतून फिरणे दोन्ही सुटते, हे काही पक्षीनिरीक्षकांचे म्हणणे मान्य आहे. पण त्यावरून पक्षीनिरीक्षणच संपले असा जो निष्कर्ष ते काढतात, तो पटत नाही. निवृत्तीनंतर संधिवातामुळे माझे फिरणे सोसायटीच्या आवारापुरते उरले, तेव्हापासून गॅलरीतल्या खुर्चीवर बसून समोरच्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्याची जोडी आळीपाळीने ढोली कशी कोरते, ढोलीचे तोंड फांदीच्या खालच्या अंगाला कसे ठेवते आणि 'टुक टुक' करताना चोच मिटलेलीच राहून फक्त गळा कसा फुगतो, हे सारे निवांत पाहता आले. (हिंडत होतो तेव्हा 'तांबट ऐकला' एवढीच नोंद वहीत पडत असे.)

आता दुर्बिणीविषयी सांगतो. हात थरथरत असतील तर दहापटीची घेऊ नये, कारण प्रतिमेबरोबर थरथरही तितकीच मोठी दिसते; वजनाला हलकी अशी ८ बाय ३२ (आठपट मोठे दाखवणारी, ३२ मिलिमीटर भिंगाची) घ्यावी आणि कोपरे खुर्चीच्या हातांवर टेकवावीत. शिवाय दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या जगभरातल्या पक्षीगणनेत एका जागी बसून किमान १५ मिनिटे केलेली नोंदही चालते. 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ती भरताना 'स्टेशनरी' (म्हणजे एका जागी थांबून केलेली नोंद) हा प्रकार निवडायचा. मात्र कावळे, साळुंक्या आणि (नाइलाजाने का होईना) कबुतरेही मोजावीत, कारण नेहमीचे पक्षी गाळलेली यादी अभ्यासकांच्या फारशी उपयोगी पडत नाही.