‘आयदर’ : दोघांपैकी एक की दोन्ही?

संयुक्त खात्याच्या अर्जावरील ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ या पर्यायाचे मराठी ‘कोणीही किंवा हयात व्यक्ती’ असे केले, तर मूळ शब्दातील दोहोंचे बंधन निसटते. ‘आयदर’ दोन खातेदारांपुरताच आहे; तीन किंवा अधिक खातेदार असतील तेव्हा बँका ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’ लिहितात. म्हणून ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला’ हे लांबले तरी अचूक आहे, आणि पैशाच्या व्यवहारात लांबीपेक्षा अचूकपणा मोलाचा.

‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ या पर्यायाबाबत अधिक सावध राहावे. ‘फॉर्मर’चा ‘माजी’ हा अर्थ आपल्या ओळखीचा असला, तरी येथे तो शब्द दोन नावांपैकी आधी लिहिलेले नाव दाखवतो. त्यामुळे पहिला खातेदार हयात असेपर्यंत केवळ त्याच्याच सहीने व्यवहार होतो. पतिपत्नींनी नावांचा क्रम लिहिण्यापूर्वी हे नीट समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

‘आयदर’चा जुन्या इंग्रजीतील अर्थ मात्र ‘दोहोंपैकी प्रत्येक’ असा होता आणि तो आजही टिकून आहे. ‘ऑन आयदर साइड ऑफ द रोड’ झाडे आहेत, म्हणजे ती दुतर्फा आहेत. ‘कोणत्याही एका बाजूला’ असे भाषांतर तेथे चुकीचे ठरेल. याउलट ‘आयदर पार्टी’ला नोटीस देऊन करार संपवता येईल, या कलमात ‘उभय पक्षांना’ असे लिहिले, तर दोघांनी मिळूनच नोटीस द्यावी असा अर्थ निघू शकतो. तेथे ‘दोहोंपैकी कोणत्याही पक्षाला’ हेच हवे.

संस्कृतात हा भेद प्रत्ययानेच साधतो: दोहोंपैकी एक तो अन्यतर, अनेकांपैकी एक तो अन्यतम. मराठीतील ‘एकतर ये, नाहीतर कळव’ यातला ‘एकतर’ त्याच घराण्यातला.

नकारात आपली अडचण उलट दिशेने येते. ‘दोघेही आले नाहीत’ हे मराठीत निःसंदिग्ध आहे, परंतु त्याचे शब्दशः ‘बोथ डिड नॉट कम’ केले, की दोघांपैकी एक आला असावा, असाही अर्थ इंग्रजी वाचक घेऊ शकतो. तेथे ‘नाइदर ऑफ देम केम’ असेच लिहावे, आणि वर्तमानकाळात औपचारिक लेखनात ‘नाइदर’पुढे एकवचनी क्रियापद ठेवावे.